चाक थांबेपर्यंत

राजकुमार दांडगेचा डावा हात कायम पँटच्या खिशात असतो. चहा उजव्या हातानं, मोबाईल उजव्या हातानं, आणि लग्नात फोटोची वेळ आली की हा हटकून कुणाच्या तरी मागं. अनोळखी माणसाला वाटतं, काय ऐट आहे गड्याची! ऐट कसली, डाव्या हाताची दोन बोटं आठ वर्षांपूर्वी प्रेस मशीनखाली गेली, तेव्हापासूनची ही सवय.

तेव्हा तो एका लहानशा वर्कशॉपमध्ये पत्र्याचे भाग काढायच्या प्रेसवर होता. एकदा घडवायचा पत्रा, कामगारांच्या भाषेत जॉब, साच्यात म्हणजे डायमध्ये अडकला. राजकुमारनं रीतसर लाल बटण दाबून मशीन बंद केली आणि हात आत घातला. पण प्रेसच्या बाजूला जे भलंमोठं जड चाक फिरत असतं, ते बटण दाबल्या दाबल्या थांबत नाही. अंगातला जोर संपेपर्यंत ते फिरत राहतं आणि त्या जोरावर प्रेस आणखी एकदा खाली येऊ शकते. ती आली. बटण न दाबणाऱ्यांना आजवर हसणारा राजकुमार बटण दाबून बोटं गमावून बसला, याचंच त्याला जास्त लागलं.

पुढं चिकलठाण्यातल्या एका कारखान्यानं त्याला नव्या कामगारांना शिकवायला घेतलं. तिथं शिकवायची एक फिल्म आधीपासून होती, कामगारांचं खातं बघणाऱ्या काकासाहेबांनी हौसेनं करून घेतलेली. आभाळातून कारखान्याचं दर्शन, मागं ढोल आणि बासरी, मग गिरक्या घेत येणारी अक्षरं, आणि तीच अक्षरं शुद्ध हिंदीत वाचून दाखवणारा एक भारदस्त आवाज. त्यापेक्षा लग्नाचा व्हिडिओ परवडला, त्यात निदान जेवणाची पंगत तरी दिसते. फुलंब्रीकडून भल्या सकाळी निघून आलेले कामगार पंख्याखाली बसून ती बघायचे आणि निम्मे डुलक्या काढायचे.

"ही बघून कुणी शिकत नाय साहेब," राजकुमार म्हणाला.

"मग तुम्हीच करा एखादी," काकासाहेब म्हणाले. आपलं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालण्यात त्यांचा हात धरणारा माणूस कारखान्यात नव्हता.

राजकुमारनं केली. इतकी वर्षं खिशात ठेवलेला हात त्यानं कॅमेऱ्यापुढं टेबलावर उघडा ठेवला. त्या दिवशी काय झालं, दवाखान्यात आई पारूबाई भिंतीला टेकून कशी बसून राहिली, बायको मेघानं कित्येक महिने त्याच्या शर्टाची बटणं कशी लावली, सगळं सांगितलं. मध्ये मध्ये नियमही सांगितले. आधी लाल बटण. मग चाक पुरतं थांबेपर्यंत थांबायचं. मग वरचा भाग खाली येऊ नये म्हणून डायमध्ये ठोकळा लावायचा आणि जॉब चिमट्यानं काढायचा. नव्या कामगारांना दाखवलेली फिल्म संपली तेव्हा खोलीतल्या दोघी-तिघी डोळे पुसत होत्या. काकासाहेबांनी त्याला मिठीच मारली आणि सुरक्षा सप्ताहाच्या स्पर्धेला हीच पाठवायची, असं तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं. त्या दिवशी राजकुमार घरी आला तो हवेतच.

पुढच्याच आठवड्यात तो मशीनींच्या विभागात फेरी मारत असताना सोनियाच्या प्रेसमध्ये जॉब अडकला. सोनिया कामावर नवी होती, आणि फिल्म बघताना सगळ्यात जास्त रडली होती तीच. तिनं लाल बटण दाबलं आणि चाक गरगर फिरत असताना सरळ हात पुढं केला.

राजकुमार एवढ्या जोरात ओरडला की आजूबाजूच्या लोकांनी आपापल्या मशीनी थांबवल्या. सोनियानं दचकून हात मागं घेतला. प्रेस त्या वेळी खाली आली नाही, हे नशीबच.

"बटण दाबलं की सर मी!" ती रडवेली होऊन म्हणाली.

"आन् चाक?"

"चाक?"

"फिल्ममधी सांगितलं नव्हतं का मी?"

"सांगितलं आसंल सर. मला तुमची बोटं तेवढी ध्यानात हायेत. आन् तुमची आई."

पोरगी खरं बोलली, हे तिचे उपकारच. त्यानं मग भेटेल त्याला विचारलं, फिल्ममधलं काय ध्यानात राहिलं. भिंतीला टेकून बसलेली पारूबाई सगळ्यांच्या लक्षात होती. चाक कुणाच्याच नव्हतं.

मेघा अंगणवाडी चालवते. रात्री जेवताना तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मागं मी माकडाचा मुखवटा घालून हात धुवायचं गाणं शिकवलं होतं बघा. पोरं घरी जाऊन माकडाचंच सांगत बसली. हात कुणी धुतले नाय."

"म्हंजी माझी बोटं माकडाचा मुखवटा व्हय?" राजकुमार ताटावरून उठला.

"तसं नाय हो. पण लोकं तुमच्यासाठी रडली. त्यांच्या सोताच्या हाताचं काय?"

तो दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही. एवढा काळजावर धोंडा ठेवून हात उघडा केला, त्याचं हे फळ! पण खोलवर त्याला दुसरंच काही टोचत होतं. लोक आपल्यासाठी रडले, ते त्याला आवडलं होतं. ती फिल्म काढून टाकायची म्हणजे पुन्हा हात खिशात घालायचा, आणि ठेवायची म्हणजे एखाद्या दिवशी सोनियाचा हात जायचा. तिसऱ्या दिवशी तो सोनियाकडं गेला आणि म्हणाला, "तुझे हात पायजेत मला. फिल्मसाठी."

नव्या फिल्ममध्ये ढोल नव्हता, अक्षरं नव्हती, पारूबाईही नव्हती. कॅमेरा सोनियाच्या खांद्यावरून धरला होता, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं आपलेच हात मशीनवर आहेत. आवाज राजकुमारचा, घरच्या बोलीत. एक गोष्ट दाखवायची, फिल्म थांबवायची, प्रत्येकानं बंद मशीनवर ती करायची, मगच पुढची. चाकाच्या जागी तर काहीच नव्हतं. नुसतं चाक, हळू होत जाणारा त्याचा आवाज, आणि ते पुरतं थांबेपर्यंत राजकुमारही गप्प.

"अहो, एवढा वेळ चाक काय बघायचं?" काकासाहेब म्हणाले. "लोकांना कंटाळा येईल. तिथं जराशी बासरी टाकू."

"येऊ द्या कंटाळा साहेब. मशीनवर बी तेवढाच येतो. त्याची सवय हितंच लागू द्या."

"आणि आपली स्पर्धा? जुनी फिल्म हमखास बक्षीस आणते!"

"जुनी काढून टाका," राजकुमार म्हणाला. काकासाहेब पुष्कळ दिवस त्याच्याशी तुसड्यासारखे वागले.

गेल्या महिन्यात नवी तुकडी आली. त्यात सोमनाथ नावाचा चाळिशीचा माणूस होता, शेती सांभाळून नोकरीला लागलेला. त्याच्या प्रेसमध्ये जॉब अडकला तेव्हा राजकुमार जवळच होता. सोमनाथनं लाल बटण दाबलं, दोन्ही हात काखेत घातले आणि चाकाकडं बघत उभा राहिला. राजकुमारनं ठोकळा उचलून तयार धरला. घाईत डावा हात खिशातून कधी बाहेर आला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

सोमनाथची नजर त्या हातावर गेली. "सर, बोटांना काय झालं वो तुमच्या?"

या माणसाला सगळं शिकवून झालं होतं, आणि बोटांची गोष्ट त्याला माहीतच नव्हती. राजकुमारला एकदम भरून आलं.

"ते नंतर सांगतो," तो म्हणाला. "चाक थांबलं का?"

"नाय अजून."

"मंग तिकडं बघ."