तीनशे बारा जागा आणि एक मुकी वायर

धाकू भाटकर खोटं बोलत नसे, फक्त खरं सांगत नसे. हा बारीकसा फरक सोडला तर भाट्याच्या वाडीत त्याच्याइतका सरळ माणूस शोधून सापडला नसता. बंदरावर कुणी विचारलं, "काय तांडेल, एवढी सुरमई कुटं गावली?" की तो समोरच्या समुद्रावरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "ती काय, तिकडं." हात असा ऐसपैस फिरायचा की त्यात जयगडपासून विजयदुर्गापर्यंत सगळं पाणी यायचं. विचारणाराही हसून पुढं जायचा.

तांडेल म्हणजे बोटीवरचा कर्ता माणूस. बोट मालकाची, पण ती न्यायची कुठं आणि जाळं टाकायचं कुठं हे तांडेल ठरवतो. धाकूचं वय अठ्ठावन्न, आणि त्यातली एकोणचाळीस वर्षं पाण्यावर गेलेली. एवढ्या काळात त्यानं दोन गोष्टी जमवल्या होत्या. एक, गुडघेदुखी. दुसरी, जागा. कुठल्या महिन्यात कुठं सरंगा लागतो, म्हाकूल कुठं मिळतं आणि पाण्याखालची खडपं, म्हणजे खडक, कुठं दबा धरून बसलीत, ज्यांच्यावर जाळं गेलं की चिंध्याच वर येतात. अशा तीनशे बारा जागा त्यानं अक्षांश-रेखांशांच्या आकड्यांसकट आधी वहीत लिहिल्या होत्या. मग स्मार्टफोन आला तेव्हा एका पावसाळ्यात मुलीला, तेजस्वीला, जवळ बसवून त्यानं सगळ्या जागा फोनमधल्या नकाशात भरून घेतल्या.

फोन कुणाच्या हाती लागला तर? म्हणून त्यानं जागांना नावं दिली नातेवाइकांची. मासळीच्या जागा म्हणजे आत्या, मावशी, मेव्हणा, धाकटी वयनी. खडपं म्हणजे सासू. सासू एक, सासू दोन, करत करत एक्केचाळीस सासवा झाल्या. त्याची खरी सासू बिचारी देवमाणूस होती, जावयाला कधी उलट शब्द बोलली नाही, पण तिचं नाव असं एक्केचाळीस वेळा समुद्रात बुडालेलं होतं. बायकोला, सावित्रीला, हे ठाऊक नव्हतं. शेवटचा आकडा भरून झाल्यावर धाकूनं वही चुलीत घातली. त्या जाळावर सावित्रीनं दोन भाकऱ्या भाजून घेतल्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण तेव्हा त्याला कुणी ऐकवली नाही, कारण त्यानं कुणाला सांगितलंच नव्हतं.

गेल्या मे महिन्यात, हंगामाच्या शेवटच्या फेरीला, तो फोन बोटीच्या तळाच्या खाऱ्या पाण्यात पडला. चार दिवस तांदळाच्या डब्यात ठेवल्यावर जिवंत झाला, पण अर्धाच. स्क्रीन लुकलुकायची, मनाला येईल तेव्हा बंद पडायचा, आणि सिम, वाय-फाय, ब्लूटूथ यातलं काहीच चालेना. तेजस्वी देवरूखच्या कॉलेजात शिकवते. तिनं येताना नवा फोन आणला आणि विचारलं, "बाबा, जागा क्लाउडवर ठेवल्या होत्यात ना?"

"आभाळात?" धाकू म्हणाला. "म्हंजे अख्ख्या बंदराला दिसूदेत?"

पुढचे दोन महिने त्यानं त्या विषयावर तोंड उघडलं नाही. मासेमारी बंद होती, पाऊस होता, फोन कपाटात साड्यांच्या घडीखाली होता. रोज सकाळी तो फोन चार्जिंगला लावायचा, हिरवी खूण दिसली की बरं वाटायचं, आणि पुन्हा घडीखाली ठेवायचा. दुखणाऱ्या दातासारखं त्यानं ते दुखणं जिभेनं चाचपत ठेवलं होतं. डॉक्टरकडे जायचं मात्र टाळलं.

नारळी पौर्णिमेचा नारळ सोडून झाला आणि मालक नितेशनं बोटीवर नवं यंत्र बसवलं. समुद्राचा नकाशा दाखवणारं, चांगलं पाटाएवढ्या स्क्रीनचं. नितेश तिशीतला, गोड बोलणारा, पण हिशेबी. तो म्हणाला, "काका, तुमच्या जागा ह्या कार्डात भरून आणा. यंदा सगळा यंत्रावर चालवायचा. जागा नसतील तर मंग माला दुसरा तांडेल बघायला लागंल. तुमी जेटीवर ऱ्हावा, देखरेखीला." देखरेखीला म्हणजे काय ते धाकूला पक्कं कळत होतं. जेटीवर खुर्ची टाकून बसलेले दोन माजी तांडेल तो रोज बघत होता. त्यांना चहा मिळायचा, कुणी काही विचारायचं मात्र नाही.

शहरातल्या एका दुकानात त्यानं फोन नेला. त्याची चार्जिंगची जागा सैल झालेली. दुसरी कुठलीही वायर लावली की घसरायची, म्हणून धाकू आपली जुनी, वाकड्या पिनची वायर सोबत घेऊन फिरायचा. दुकानातल्या पोरानं तीच वायर संगणकाला लावली, दहा मिनिटं वाट पाहिली आणि सांगितलं, "काका, कंप्युटरला काहीच दिसत नाय. आतलं सगळं गेलं." धाकूची पाचावर धारण बसली. घरी आल्यावर तो जेवला नाही. सावित्रीनं विचारलं तर म्हणाला, पोटात जड आहे.

बोट निघायच्या दिवशी सकाळी दहाला तो स्टँडजवळच्या रेणुका जाधवच्या दुकानी गेला. दुपारी तीनच्या भरतीला निघायचं होतं. रेणुकाचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. आत एक संगणक, एक भिंग, आणि मागच्या भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या शेकडो वायरी. ती प्रत्येक वायर स्वतः तपासायची आणि टोकाला दोऱ्याच्या गाठी मारायची. एक गाठ म्हणजे फक्त चार्जिंग. दोन गाठी म्हणजे चार्जिंग आणि डेटा, पण चाल बैलगाडीची. तीन गाठी म्हणजे झपाट्यानं डेटा नेणारी, आणि महाग. डब्यावर कंपनीनं काय वाटेल ते छापू दे, रत्नागिरीतली माणसं तिच्याकडे येऊन "दोन गाठींची द्या" असंच म्हणत.

धाकूनं फोन आणि वायर काउंटरवर ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगितलं. जागा, वही, चूल, सगळं. सासवा तेवढ्या गाळल्या.

"तीन गाठींची वायर लाव गो," तो म्हणाला. "एकोणचाळीस वर्षांचा सामान हाय. हळू वायरीतनं काढायला संध्याकाळ व्हईल."

"तुमच्या फोनला तीन गाठींची बसतच नाय, काका. जुना हाय तो." ती बोलता बोलता त्याची वायर हातात फिरवत होती. फिरवता फिरवता थांबली. पिनेजवळ, मळून काळा झालेला, एका गाठीचा दोरा होता.

"धाकूकाका, ही वायर माझ्याकडची."

"असंल."

"एका गाठीची हाय. मुकी. चार्ज करील, पण बोलायची नाय."

"अगो, पण ती चालते! रोज चार्ज होतो फोन!"

"चार्ज होणं म्हंजे जेवणं. जेवणारं प्रत्येक माणूस बोलतंच असं कुठाय?" तिनं भिंगाखाली वायरीचं आवरण बघितलं. एका ठिकाणी बारीक चीर होती आणि वर चिकटपट्टी. "ही कंपनीची मुकी नाय. आत चार तारा असतात. तांबडी न् काळी वीज नेतात, पांढरी न् हिरवी डेटा. ह्यातली पांढरी न् हिरवी कुणीतरी मुद्दाम तोडलीय." मग तिनं मान वर केली. "मीच तोडलीय. तुमीच सांगितलं व्हतंत."

धाकूच्या डोळ्यांपुढं लख्ख उजेड पडला, आणि त्या उजेडात तो स्वतःच उभा होता. पाच-सहा वर्षांपूर्वी बंदरावर कुणीतरी बातमी उठवली होती की दुसऱ्याच्या बोटीवर फोन चार्जिंगला लावला की वायरीतून जागा ओढून घेतात. दुसऱ्याच दिवशी धाकू इथं येऊन म्हणाला होता, "माजी वायर मुकी करून दे." काम फत्ते झालं म्हणून त्यानं रेणुकाला दोन बांगडे जास्त दिले होते. आणि सोयीस्करपणे विसरून गेला होता.

"माज्या हातानंच माज्या तोंडाला कुलूप घातला," तो पुटपुटला.

"कुलूप घातलंत, पण पेटी कुटं जाळलीत? बघूया." रेणुकानं दोन गाठींची वायर काढली. ती फोनला लावली, पण पिन घसरली. पुन्हा लावली. काही नाही. खाऱ्या पाण्यानं आतली टोकं हिरवट झाली होती. तिनं बारीक ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून ती घासली, फुंकर घातली, पिन बोटानं वर दाबून धरली. संगणकानं 'टुंग' केलं. धाकू स्टुलावरून उठला. तेवढ्यात फोन बंद पडला आणि धाकू परत बसला.

अर्धा तास फोन चार्जिंगला ठेवावा लागला, तोही त्याच मुक्या वायरीनं, कारण वीज द्यायला तीच नीट बसत होती. त्या अर्ध्या तासात धाकूनं ग्रामदेवतेला एक नारळ कबूल केला, मग दोन. मनात जेटीवरची ती खुर्ची येऊन जात होती. साडेअकराला रेणुकानं फोन पुन्हा सुरू केला, लुकलुकत्या स्क्रीनवर नकाशाचं अॅप उघडून सगळ्या जागांची एक फाईल काढली आणि दोन गाठींची वायर लावून पिन दाबून धरली. "काका, तुमी हा भाग धरा. हलू नका." धाकूनं धरला. वादळात सुकाणू धरावं तसा, दोन्ही हातांनी. तिनं माउसची कळ दाबली.

"झालं," ती म्हणाली.

"काय झाला?"

"आल्या सगळ्या. तीनशे बारा."

धाकूनं अजून पिन सोडली नव्हती. "असा कसा? आता तर धरला मी."

"फाईलच एवढीशी, काका. लग्नाच्या एका फोटोपेक्षा लहान. हिला कसली चाल न् कसला वेग? पापणी लवायच्या आत आली."

त्याला राग आला. खरोखर आला. एकोणचाळीस वर्षं, तीन वादळं, दोन्ही गुडघे, आणि एक फोटोसुद्धा भरू नये? "परत कर," तो म्हणाला. "जरा सावकाश." रेणुकानं हसू दाबून पुन्हा केलं. पुन्हा तेवढाच वेळ लागला. मग तिनं संगणकावर नकाशा उघडला, आणि रत्नागिरीसमोरच्या निळ्या पाण्यात तांदूळ सांडावेत तसे ठिपके पसरले. आत्या, मावशी, मेव्हणा. आपापल्या जागी, एकही हललेला नाही. धाकूचा राग कुठच्या कुठं गेला. जीव भांड्यात पडला, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते त्यानं शर्टाच्या बाहीनं उघडपणे पुसलं. "गावल्या गो," तो म्हणाला. "माज्या सगळ्या गावल्या."

"ह्या एवढ्या सासवा कसल्या?" रेणुकानं विचारलं.

"खडपां," धाकू म्हणाला, आणि बाराच्या सुमाराला त्या जिन्याखाली त्याला दुसरं खरं सुचलं. ह्या जागा खरंच गेल्या असत्या, तर मासळी दुसऱ्या कुणालाही गवसली असती. मासळी हिंडते. खडप मात्र तिथंच बसून राहिलं असतं, आणि ते कुणाला ठाऊक नसतं. "मासळीच्या जागा ह्या कार्डात भर, नितेशसाठी. सासवा बी भर. आणि सासवांची वेगळी फाईल करून ह्या नव्या फोनवर दे. बंदराच्या ग्रुपवर टाकायचीय."

"सगळ्या एक्केचाळीस?"

"सगळ्या. मासळी माजी. खडपां कुणा एकाची नसतात."

फाईल ग्रुपवर गेली. कार्ड खिशात घालून धाकू छत्री उचलत होता तोवर फोन वाजला. भिकाजी. शेजारच्या बोटीचा तांडेल, वयानं त्याच्याच बरोबरीचा, आणि मासळीत त्याच्या तोडीस तोड असलेला बंदरावरचा एकटा माणूस.

"धाकू, ह्या सासवा कसल्या पाठवल्यास?"

"खडपां हायत. मशीनमधी घाल. नावाकडं बगू नको."

पलीकडं भिकाजी पुटपुटत एकेक नंबर वाचत गेला. मग भिकाजी हळू म्हणाला, "सतरा नंबरची सासू. गेल्या साली माजा अख्खा जाळा तिथं गेला."

धाकूला "अरेरे" म्हणता आलं असतं. समुद्रावरून हात फिरवता आला असता. "माला ठावक हाय," तो म्हणाला. "तू जाळा टाकताना मी बघत व्हतो. हाक मारली नाय. चुकला माजा."

रेणुका वायरी टांगायची थांबली. भिकाजी शिव्या देणार आणि त्या आपण ऐकून घेणार, एवढं धाकूनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

"तीनलाच निघतास ना?" भिकाजी म्हणाला. "मंग तू फुडं ऱ्हा. मी तुज्या मागसून येताव."

तांडेलाला मागून येणारी बोट म्हणजे जागांचा चोर. धाकूनं अशा बोटींना चकवण्यासाठी दिवे मालवले होते, डिझेल जाळून उगाच उलटे फेरे घातले होते, एकदा तर रिकामं जाळं टाकून तासभर बसला होता.

"ये," तो म्हणाला.