योग्याची नाडी

सहदेव माळ्याच्या वांग्यांना खामगावच्या बाजारात नाव होतं, सहदेवाला नव्हतं. पन्नाशी उलटली तरी गाव त्याला सद्या म्हणूनच हाक मारी. बाहत्तरचा दुष्काळ सरून काही वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. साखरेची बिमारी जुनीच. एक दिवस पायात मोडलेला बाभळीचा काटा घेऊन हा गडी संध्याकाळपर्यंत मळ्यात फिरला, अन् याला पत्ताच नाही. बायकोनं, मंजुळाबाईनं, रक्त पाहिलं आणि त्याला ओढतच खामगावला नेलं.

तिथल्या डॉक्टरनं त्याला निजवलं, छातीला तारा लावल्या आणि सावकाश खोल श्वास घ्यायला, सोडायला लावला. मग कागदावरच्या रेघा दाखवून दोघांना समजावलं. चांगल्या माणसाचा ठोका श्वास घेताना जरा चपळ होतो, सोडताना मंदावतो. याचा एकाच चालीवर, हलतच नाही. साखरेनं पायाच्या नसा मारल्या, तशा काळजाच्याही मारल्या. उद्या काळजाला काही झालं तर याला दुखणारसुद्धा नाही. गोळ्या चुकवू नका, उपास करू नका. मंजुळाबाईनं एवढं गाठीला बांधलं.

पण गावात नारायणराव वैद्य बसले होते ना! उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्यांनीही नाडी धरून खोल श्वास घ्यायला लावला. नाडी जागची हलेना. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. ही योग्याची नाडी आहे, म्हणाले. उन्हात घाम नाही, काट्याची वेदना नाही, श्वासाचं बंधन नाही, आणखी काय पाहिजे? झालं. गावाला घरबसल्या महाराज मिळाला.

मंजुळाबाईनं पारावर जाऊन डॉक्टरचं म्हणणं सांगितलं, तर लोक हसले. बायकांनी उलट तिलाच समजावलं, की बाई, तू नशीब काढलंस. तिला खरा संताप आला तो सहदेवाचा. कारण मेल्याला हे गोड लागलं होतं! जन्मात ज्याला कुणी रामराम घातला नाही, त्याच्यापुढे आता पाटील वाकत होते. गोळ्या कोनाड्यात पडल्या. गावचा सप्ताह बसला, तेव्हा मंडपात तोही निराहार बसला.

सप्ताह अर्ध्यावर आला आणि त्याचं तोंड राखेसारखं पडलं, ओठ निळे झाले. मंजुळाबाई भरल्या मंडपातून पुढे गेली. दंड धरून खामगावला चाला म्हणाली.

"मले काहीच दुखून नाही राह्यलं," तो म्हणाला. "काऊन भेतं तू?"

अहो, तेच तर भ्यायचं होतं. ती त्याला उठवू लागली, तर लोकांनी महाराजांना त्रास नको म्हणून तिलाच बाजूला नेलं. आरतीआधी त्याची मान छातीवर पडली. टाळ थांबले नाहीत, उलट वाढले. समाधी लागली म्हणे.

अंग गार झालं तेव्हा कुठे लोकांना कळलं. नारायणराव हात जोडून तिच्यापुढे आले. कुंकू पुसू नका, म्हणाले, अशा पुरुषाची बायको विधवा होत नसते.

मंजुळाबाईनं सगळ्यांदेखत तळहातानं कपाळ पुसलं.

"माहा नवरा बिमार होता," ती म्हणाली. "तुमी त्याले मारलं."

मग नारायणराव वाकले, केवढं हे वैराग्य म्हणाले, आणि त्यांच्यामागून एकेक जण तिच्या पायावर डोकं ठेवू लागला.