कावळ्याच्या आधी कोणी खायचं नाही

"कावळ्यानं खाल्ल्याशिवाय कोणी खायचं नाही. अन् काहून म्हणून विचारायचं नाही!"

हा आमच्या घरचा नियम. मी चार वर्षांची असताना ऐकला, आता झूऑलॉजीत एमएस्सी झाले तरी तोच. नियम मोठ्या बाबांचा, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाचा. मनीषनगरात दोन भावांचं एकच घर, मागे अंगण, अंगणात एक पेरू आणि एक बोर. हिवाळा लागला की सकाळी सात वाजता तिथे पाखरांची आणि म्हाताऱ्यांची सभा भरते. दरवर्षी मला वाटतं, यंदा काही नवीन घडणार नाही. आणि पहिलं स्वेटर कपाटातून बाहेर निघत नाही तोच किस्से सुरू! मैत्रिणींना सांगून सांगून माझा घसा दुखायला लागला, म्हणून आता लिहूनच टाकते.

यंदा एक भानगड जास्तीची होती. मला गोंदियाकडच्या तलावांवर पाणपक्षी मोजायचं काम मिळालं होतं. सहा महिन्यांचं, तिथेच राहून. पौष संपायच्या आत हजर व्हायचं होतं. त्याच वेळी मोठ्या बाबांना माझ्यासाठी शहराला लागून असलेल्या वाडी गावचं एक स्थळ सापडलं होतं. ट्रान्सपोर्टवाले, तीन गोदामं, आणि लग्न माघातच हवं. दोन्ही होणं शक्य नव्हतं.

"पाखरं मोजाले इतक्या दूर काहून जा लागते?" मोठे बाबा म्हणाले. "मोजाचेच हायेत तं घरचे मोज!"

*

आमचं पाखरांना खाऊ घालणं बाहेरच्या माणसाला कळतच नाही.

माकडटोपी, तिच्यावर मफलर, स्वेटरवर शाल अशा थाटात मोठे बाबा खुर्चीत बसतात. एका हातात ज्वारीचा डबा, दुसऱ्या हातात काठी. आधी फरशीवर ज्वारी टाकायची, बाजूला कावळ्यासाठी पोळीचा तुकडा ठेवायचा. मग कावळा येईपर्यंत चिमण्या, साळुंक्या, होले, जे कोणी ज्वारीकडे सरकेल त्याला काठी आपटून हाकलायचं. कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास.

धुण्याभांड्याला नवीन आलेल्या बाईंनी दोन दिवस हे पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना.

"बाबूजी, तुमी पाखराइले चारून राहिले का हाकलून राहिले?"

"दोन्ही!" मोठे बाबा गरजले. "नंबरानं!"

*

मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, तिचा जीव कोकिळेत.

"उनाळाभर कशी कुहू कुहू करे. आता आवाजच नाई. थंडीनं घसा बसला बिचारीचा."

मी सांगितलं, कोकिळा हिवाळ्यात गातच नाही. आणि उन्हाळ्यात गातो तो नर असतो.

"नर गाते? मंग बाई काय करते?"

"ती कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते आणि निघून जाते."

मोठ्या आईनं बोरीकडे एकदा निरखून पाहिलं. मग म्हणाली, "हुशार हाये."

दुसऱ्या दिवसापासून पाखरांच्या पाण्याच्या भांड्यात गीझरचं कोमट पाणी आणि चमचाभर हळद! चार दिवसांनी तिनं आम्हा सगळ्यांना हाका मारून अंगणात बोलावलं. भांड्याच्या काठावर साळुंकी बसली होती.

"पाहा, चोच कशी पिवळीधम्मक झाली! हळद लागू पडली!"

"मोठी आई, साळुंकीची चोच पिवळीच असते. कॉलेजात आम्ही पन्नास साळुंक्या पाहिल्या. सगळ्यांची पिवळी!"

"मंग कॉलेजात बी हळद टाकत असतीन."

*

आमच्याकडे रोज येणाऱ्या कावळ्याच्या पायाचं एक बोट वाकडं आहे. आमचे आजोबा उमरेडला हातमागावर बसायचे आणि माग चालवून चालवून त्यांच्याही पायाचं बोट वाकडं झालं होतं. त्यामुळे तो कावळा म्हणजे आजोबा, हे मोठ्या बाबांनी केव्हाच ठरवून टाकलंय.

पण भिंतीपलीकडे राहतात डहाके काका, रिटायर्ड ओव्हरसियर. त्यांच्या सासऱ्यांचं बोट स्कूटरला किक मारताना मोडलेलं. तेव्हा त्यांच्या मते तो कावळा म्हणजे त्यांचे सासरे!

झालं, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी वाद पेटला. मोठे बाबा आजोबांचा फोटो घेऊन आले. डहाके काकांनी सासऱ्यांचा एक्स-रे आणला. शपथेवर सांगते, एक्स-रे! तो त्यांनी उन्हात धरला, यांनी त्याखाली फोटो धरला, आणि दोघं माना वर करून कावळ्याचा पाय जुळवत बसले.

शेवटी डहाके काकू हात पुसत बाहेर आल्या.

"माहे बाबा जिवंत होते तेव्हा ह्याइच्या हातचं पाणी पेले नाई," त्यांनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. "आता कायले येतीन?"

डहाके काका तरीही मागे हटले नाहीत. "सुधरले असतीन," म्हणाले.

*

डहाके काकांचा मुलगा बबलू, वय सत्तावीस. त्याचा बँकेचा इंटरव्ह्यू होता, सकाळी दहाला.

इंटरव्ह्यूला जाण्याआधी भारद्वाज दिसला की काम होतंच, असं मोठे बाबा म्हणाले. भारद्वाज म्हणजे तांबड्या पंखांचा, कावळ्याएवढा पक्षी. आमच्या बोरीखाली तो अधूनमधून येतो. म्हणून आठ वाजताच बबलू टाय लावून आमच्या अंगणात हजर. सोबत डहाके काका.

साडेआठ झाले. नऊ झाले. भारद्वाज नाही.

"काका, त्याला जाऊ द्या," मी म्हणाले. "वर्धा रोडला ट्रॅफिक असतो."

"शकुन सोडून इंटरव्ह्यूले जाते काय कोणी?" मोठे बाबा माझ्यावरच खेकसले. "तू चूप बस वं. तुह्या आवाजानं येत नाई तो!"

दहा वाजले. बबलूनं टाय सैल केला. दहा चाळीसला बोरीखालून भारद्वाज डुलत डुलत आला! मोठे बाबा आणि डहाके काका लहान पोरांसारखे टाळ्या वाजवायला लागले.

"झालं काम! पळ बबलू!"

बबलू पळाला. बँकेत त्याला गेटच्या आत घेतलं नाही.

संध्याकाळी मला वाटलं, आता तरी मोठे बाबा ओशाळतील. ते शांतपणे चहा पीत होते.

"टायमावर निघाला असता तं अपघात झाला असता," ते म्हणाले. "भारद्वाजानं वाचवला पोराले!"

*

मग एका रविवारी वाडीचे लोक मला पाहायला आले. मुलगा, आई, वडील.

पाहुणे आले की कावळ्याचा नियम जास्तच कडक होतो. मोठ्या आईनं तर्री पोह्यांच्या प्लेट सगळ्यांपुढे ठेवल्या, कावळ्याची प्लेट अंगणात ठेवली, आणि मोठे बाबा म्हणाले, "एक मिनिट हं. तो आला की सुरू करू."

पाहुण्यांना वाटलं, अजून कोणी यायचंय.

वीस मिनिटांनी मुलाच्या वडिलांनी विचारलं, "ट्रॅफिकमंधी अडकले काय?"

"नाई नाई," माझे बाबा म्हणाले. "उडून येतात."

चाळीस मिनिटं झाली. तर्रीवर तेलाचा थर गोठला. मुलगा हळूच माझ्याकडे वाकून म्हणाला, "तुमच्याकडे रोज असंच असते का?"

"रोज," मी म्हणाले. "लग्नानंतर मीही असंच करणार. उपाशी राहायची सवय करून घ्या."

मला वाटलं, सुटले. संध्याकाळी फोन आला. "मुलगी लय संस्कारी हाये. आमच्याकडून होकार!"

बाबांना मी विनवलं, तुम्ही तरी नाही म्हणा. बाबा म्हणाले, "दादाले विचारतो." दादा म्हणजे मोठे बाबा. आईनं माझी बॅग भरायला घेतली होती, तीही मग अर्धी भरूनच ठेवली.

*

पौषात आजोबांची तिथी असते. या किस्स्याबद्दल मला काही विचारू नका, फक्त ऐका.

दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवला नाही, तर मेलेल्या माणसाची इच्छा राहिली असं समजतात. मग घरचे लोक मोठ्यानं वचनं देतात आणि ज्या वचनाला कावळा शिवेल ती इच्छा. इतरांचं हे त्या एका दिवसात आटोपतं. आमच्याकडे ते दर तिथीला चालतं. आजोबांना जाऊन बारा वर्षं झाली, त्यांच्या इच्छा संपायचं नाव घेत नाहीत. आमचं घर बाहेरून गुलाबी आहे ते एका कावळ्यामुळे!

यंदाही भिंतीवर केळीचं पान मांडलं. वरणभात, कढी, खीर, वडे. कावळा वर केबलवर बसलेला, तोंड दुसरीकडे. अर्धा तास झाला. जेवायला बोलावलेले डहाके काका-काकूही भुकेनं कासावीस झाले होते.

"बाबा, उमरेडचं घर विकत नाई!" मोठ्या बाबांनी सुरुवात केली.

कावळ्यानं पंख खाजवला.

"बाबा, मी तंबाखूचा खर्रा सोडला!" माझे बाबा ओरडले.

"मांगच्या साली बी सोडला होता," मोठी आई पुटपुटली. मग हात जोडून म्हणाली, "मामाजी, वडे कडक झाले असतीन तं पुढच्या खेपेले नरम करतो!"

काही नाही.

"मी कावळ्यावरचा हक्क सोडतो!" डहाके काका म्हणाले.

कावळा एक पाऊल सरकला. सगळ्यांच्या अंगावर काटा! आणि तेवढ्यात मोठ्या बाबांनी तिरक्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, अश्विनीचं लगन माघातच लावून देतो! वाडीवाल्याइले आजच शब्द देतो!"

कावळा खाली उतरला आणि पानातला भात खाऊ लागला.

"शिवला! शिवला!" मोठी आई रडायलाच लागली. डहाके काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. बाबांनी खिशातून फोन काढला.

"मी हे लग्न करणार नाही," मी म्हणाले.

"अवं, कावळा शिवला ना!" मोठे बाबा म्हणाले. "आता कोणाच्या बापाले मोडता येत नाई!"

"शब्द कोणी दिला?"

"म्या देल्ला!"

"मग तुम्हीच पाळा. बाशिंग बांधा आणि वाडीच्या मांडवात उभे राहा. मी सोमवारी गोंदियाला चालले."

"अवं पण बाबाची इच्छा..."

"त्यांना माझ्याबद्दल काही म्हणायचं असेल तर मला म्हणतील. मी इथेच आहे."

मी भिंतीजवळ गेले आणि कावळ्यापासून हातभर अंतरावर उभी राहिले. तो उडाला नाही.

"बोला आजोबा," मी म्हणाले. "जाऊ नको म्हणा. एकदाच."

कावळ्यानं मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं. चोचीत वडा होता. मी वळून बघितलं. मोठे बाबा, मोठी आई, बाबा, आई, डहाके काका, काकू, सगळे कावळ्याच्या तोंडाकडे पाहत उभे होते. मी उरलेली अर्धी बॅग भरायला आत गेले.