घोड्यांसाठी घेतलेली जीप

इस्मत मुरुडची. तिचे वडील समुद्रकाठी टांगा हाकायचे, त्यामुळे घोड्याच्या घामाचा वास तिला लहानपणापासून घरातलाच वाटायचा. ती तशी बोलघेवडी, पण रागावली की तिचा आवाज एकदम खाली यायचा. तो खाली आला की नवरा, सिराजुद्दीन, काहीतरी काम काढून बाहेर सटकायचा.

हा सिराजुद्दीन चांगला माणूस होता. दारू नाही, विडी नाही, कुणाशी भांडण नाही. त्याचा एकच दोष होता, आणि इस्मतच्या मते तो एकच दोष बाकी सगळ्या चांगुलपणाला पुरून उरणारा होता. मालकासमोर त्याच्या तोंडातून ‘नाही’ हा शब्द निघायचा नाही.

त्याला कारण होतं. पूर्वी तो सौदीत दम्मामला बंदरावर ड्रायव्हर होता. एकदा पाहुण्यांच्या देखत त्यानं मालकाला सांगितलं, की या ट्रकचे ब्रेक गेलेत, मी लोड घेणार नाही. मालक हसला, पाहुणेही हसले, आणि त्याच आठवड्यात याच्या पासपोर्टावर कायमच्या परतीचा शिक्का बसला. खलास. त्यानंतर दोन वर्षं तो मुरुडला सासऱ्याच्या ओटीवर बसून होता. गावातली माणसं येता-जाता विचारायची, “काय सिराज, सुट्टी संपली नाही अजून?” तेव्हापासून तो जो गप्प झाला तो झालाच.

मग सौदीच्याच उत्तर भागातून बोलावणं आलं. हाइल शहराच्याही वर, इराकच्या सरहद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अबू माजिद नावाच्या श्रीमंत शेतकऱ्याचा मळा होता. गहू पिकवायचा आणि हौसेनं अरबी घोडे पाळायचा. नवरा घोड्यांवर, बायको घरात स्वयंपाकाला, असं जोडपं त्याला हवं होतं. मुलीला, मेहेकला, आजीपाशी शाळेत ठेवून दोघं निघाली. इस्मत घरातल्या बायकांत राहून वर्षभरात फाडफाड अरबी बोलायला लागली. सिराजुद्दीनला अरबी तिच्याआधीपासून येत होती, पण तो ती फक्त ‘हो’ म्हणायला वापरायचा.

सद्दाम कुवेतमध्ये घुसला त्या उन्हाळ्यात मळ्यावरची हवा बदलली. रस्त्यानं लष्कराच्या गाड्या सुरू झाल्या. थंडी पडायला लागली तशा त्या इतक्या वाढल्या, की गव्हाच्या शेतात उभं राहिलं तरी पायाखाली जमीन थरथरायची आणि घोडे तबेल्यात लाथा झाडायचे. अबू माजिदनं ठरवलं, घोडे इथे ठेवायचे नाहीत. हाइलच्या खाली सलमा डोंगराच्या पायथ्याशी त्याच्या भावाची जागा होती, तिकडे हलवायचे. दोन घोड्यांचा ट्रेलर होता, पण तो ओढणारा जुना ट्रक लष्कराच्या ठेकेदारानं भाड्यानं नेलेला. म्हणजे गाडी घेणं आलं.

त्या दिवसांत सिराजुद्दीन घरी गाडीशिवाय दुसरं बोलत नव्हता. रस्सा ओरपता ओरपता तो इस्मतला समजावायचा. “गाडी दिसायला कशी का असेना, वजनदार पाहिजे. मागे दोन घोडे म्हणजे गाडीइतकंच ओझं. हलकी गाडी घेतली तर उतारावर ते ओझं तिला ढकलत नेईल. लांब पाहिजे, आखूड गाडी मागून ढकललं की आडवी फिरते. आणि चारही चाकं ओढणारी तर पाहिजेच, पण नुसतं तेवढ्यानं भागत नाही. हळू चालायचा वेगळा गियर पाहिजे, म्हणजे उतारावर ब्रेकला हात न लावता इंजिनच गाडी धरून ठेवतं. टायर बघायला पाहिजेत. इथे सगळ्यांना वाळूचे गुळगुळीत टायर आवडतात. वाळूत ते तरंगतात, पण चिखलात साबणावर चालल्यासारखं होतं.”

“हे सगळं अबू माजिदला सांगा,” इस्मत म्हणाली.

“सांगतो की. त्यानं विचारलं तर सांगतो.”

आणि त्यानं विचारलं. हेच तर इस्मतला पुढे आयुष्यभर पचलं नाही.

हाइलला जुन्या गाड्यांचा मोठा उघडा बाजार होता. घरातल्या बायकांनी मसाले आणायला सांगितले होते म्हणून इस्मतही बरोबर होती. ती मालकाच्या मोटारीत मागच्या सीटवर बसून, काच खाली करून, सगळं बघत होती. दोन गाड्या नजरेत भरल्या. एक लांबलचक, मातकट रंगाची डिझेल गाडी होती. रस्ते बांधणारी कुठलीशी परदेशी कंपनी लढाईच्या भीतीनं गाशा गुंडाळून गेली, तिची. दारं चेपलेली, पण टायरांना बोटभर खोल खाचा आणि मागे ओढायचा हूक थेट चॅसीला बोल्टांनी आवळलेला. दुसरी पांढरीशुभ्र, दोन दारांची आखूड जीप. रुंद गुळगुळीत टायर, काळ्या काचा, आत लाल मखमल.

मालकाचा मुलगा माजिद त्या पांढऱ्या जीपभोवती फिरत होता. नुकताच कॉलेज सोडून आलेला, अंगाला अत्तर.

अबू माजिदनं मातकट गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि सिराजुद्दीनकडे वळून नीट, शांतपणे विचारलं, “चालवणार तू आहेस. कुठली घेऊ?”

सिराजुद्दीननं मालकाकडे पाहिलं, मग माजिदकडे, मग स्वतःच्या चपलांकडे. “दोन्ही चांगल्या आहेत,” तो म्हणाला. “तुम्हाला आवडेल ती.”

मागच्या सीटवर इस्मतनं ओढणीचं टोक मुठीत असं आवळलं, की नखं तळहातात रुतली. ‘बोला, अहो बोला!’ असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण परक्या पुरुषांच्या बाजारात गाडीतून बाई ओरडली असती, तर गाडी बाजूला राहून तमाशाच झाला असता. पांढरी जीप घेतली गेली. येताना माजिदनं ती स्वतः चालवली आणि सिराजुद्दीननं तिचं कौतुक केलं.

खोलीत आल्यावर इस्मतचा आवाज खाली आला. “तुम्हाला विचारलं त्यानं. तोंड उघडून विचारलं.”

“मुलाला ती हवी होती. मी कशाला मध्ये पडू?”

“घोडे मुलगा नेणार आहे?”

“इस्मत, तुला ठाऊक आहे दम्मामला काय झालं. आता परत पाठवलं तर मेहेकच्या शाळेचं काय?”

या वाक्यापुढे ती नेहमी गप्प व्हायची. त्या दिवशीही झाली. पण राग विझला नाही. उलट मुलीचं नाव ढालीसारखं पुढे केलं म्हणून आणखीच भडकला. तिनं त्याचं ताट वाढलं आणि स्वतः न जेवता भिंतीकडे तोंड करून बसली.

जानेवारीत लढाई जुंपली. रेडिओवर सकाळ-संध्याकाळ विमानांच्या बातम्या, आणि वर आभाळ असं भरून आलेलं, की वाळवंटात आहोत की कुठे कळेना. पाऊस लागला. सुक्या ओढ्यांना पाणी आलं, रस्त्याच्या कडेची माती लगद्यासारखी झाली. अशातच अबू माजिद म्हणाला, यल्ला, चला, आता थांबायचं नाही.

पहिल्या फेरीला रीम नावाची करडी घोडी आणि एक तरुण काळा घोडा चढवला. रीम इस्मतची लाडकी. रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी मान आत घालून शिळी भाकरी मागायची. भावाच्या घरी स्वयंपाकाला बाई नव्हती, म्हणून इस्मतलाही याच फेरीत पाठवलं. माजिद त्याच्या मोटारीनं पुढे होता.

डांबरी रस्त्यावर जीप ठीक चालली. हाइल मागे पडलं, डोंगर दिसायला लागले, थंडी हाडात शिरली आणि पावसातून बर्फाचे बारीक कण काचेवर यायला लागले. भावाच्या जागेकडे जायचा कच्चा रस्ता एका ओढ्यात उतरायचा. माजिद आपली मोटार आरामात पलीकडे घेऊन गेला आणि हात हलवून ‘या, या’ करू लागला.

सिराजुद्दीननं उताराच्या तोंडाशी जीप थांबवली. चारही चाकांचा दांडा टाकला. पण हळू चालायचा तो गियर या शहरी जीपला नव्हताच.

“नका उतरू,” इस्मत म्हणाली. “घोडे इथेच उतरवू, हातानं धरून चालवत नेऊ.”

पलीकडून माजिदनं हॉर्न वाजवला. परत वाजवला. सिराजुद्दीननं क्लच सोडला.

निम्म्या उतारावर ट्रेलरनं मागून धक्का दिला. त्यानं ब्रेकवर पाय ठेवला, चाकं थांबली, पण जीप थांबली नाही. त्या गुळगुळीत टायरांवर ती चिखलातून तशीच सरकत गेली, मग मागच्या ओझ्यानं तिला आडवं फिरवलं आणि ट्रेलर कुशीवर कोसळला. इस्मतला आठवतं ते घोड्यांचं ओरडणं. घोडा असा ओरडतो हे टांगेवाल्याच्या पोरीलाही ठाऊक नव्हतं.

माणसांना फारसं लागलं नव्हतं. काळा घोडा दार तोडल्यावर धडपडत बाहेर आला, थरथरत उभा राहिला. रीम उठली नाही. तिचा पुढचा पाय गुडघ्याखाली मोडून लोंबत होता.

माजिद चिखलातून धावत आला, तो ओरडतच. “आंधळा आहेस? गाडी चालवता येत नाही तुला?” सिराजुद्दीन चिखलात गुडघ्यावर बसला होता, घोडीचं डोकं मांडीवर घेऊन. त्यानं मानही वर केली नाही. माजिद मोटारीकडे गेला, शिकारीची बंदूक घेऊन आला आणि त्याच्यासमोर धरली. “सोडव तिला. तू सोडव.”

तेव्हा इस्मत मध्ये आली. बर्फाचे कण तिच्या कपाळावर वितळत होते. ती खालच्या आवाजात अरबीत म्हणाली, “जीप तू निवडलीस. हॉर्न तू वाजवलास. बंदूकही तूच चालव.”

माजिद तिच्याकडे बघतच राहिला. घरातली स्वयंपाकीण त्याच्याशी असं बोलू शकते हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. शेवटी त्यानंच गोळी झाडली, आणि बंदूक टाकून रडायला लागला. इस्मतला त्याची दया आली नाही. ती नवऱ्याकडे वळली. “आणि तुम्ही,” ती मराठीत म्हणाली, “तुम्हाला सगळं ठाऊक होतं. त्या पोराला काही ठाऊक नव्हतं, तुम्हाला होतं. मला तुमचा जास्त राग आलाय.”

दुसऱ्या दिवशी अबू माजिद आला. आधी ओढ्याकडे जाऊन मेलेली घोडी बघून आला. मग सिराजुद्दीनला म्हणाला, “मी तुला विचारलं होतं.” त्याच्या आवाजात चीड नव्हती, खराखुरा प्रश्न होता. “तू सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं.”

सिराजुद्दीननं मान खाली घातली. इस्मत चहाचे पेले घेऊन दारात उभी होती. तिनं ते खाली ठेवले.

“आमचे पासपोर्ट तुमच्या कपाटात आहेत,” ती म्हणाली. “यांनी पूर्वी एका मालकाला खरं सांगितलं, तर घरी बसावं लागलं. तुम्ही विचारता ते चांगलंच करता. पण विचारणाऱ्याच्या हातात किल्ली असली, की खरं बोलायला जीभ वळत नाही.”

अबू माजिद उठला आणि चहा न घेता बाहेर गेला. सिराजुद्दीन पांढराफटक पडला. “संपलं सगळं,” तो म्हणाला. इस्मत म्हणाली, “संपू दे.”

पण दुपारी मालकानं त्याला परत बोलावलं. मळ्यावर अजून घोडे होते आणि लढाई थांबलेली नव्हती. दुरुस्त करून हीच जीप चालेल का, त्यानं विचारलं. सिराजुद्दीननं दारात उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलंही नाही. घसा खाकरून तो म्हणाला, “नाही. या गाडीनं मी नेणार नाही. तुम्ही परत पाठवलंत तरी नेणार नाही.” त्याचा आवाज फुटला होता, पण शब्द पूर्ण निघाला.

बाजारातली ती मातकट गाडी केव्हाच विकली गेली होती. लढाईमुळे चांगली गाडी मिळणंच मुश्कील झालं होतं. या वेळी सिराजुद्दीन एकटा फिरला, गाड्यांखाली चिखलात पाठीवर झोपून बघत. शेवटी त्याला पाणीपुरवठ्याच्या कामातली एक जुनी, कुरूप, लांब गाडी मिळाली. हीटर बंद, खिडकीला पत्रा ठोकलेला, पण हळूचा गियर शाबूत. टायर त्यानं वेगळे शोधून बसवले. राहिलेले घोडे त्यानं दोन-दोन करून आणले. एका फेरीला खरंच बर्फ पडलं, सलमाचे काळे खडक पांढरे झाले. त्या दिवशी तो ओढ्याच्या तोंडाशी उतरला, आधी पायी खाली जाऊन आला, मग गाडी अशी उतरवली जसं तान्ह्या मुलाला पाळण्यात ठेवतात. पलीकडे माजिद उभा होता. त्यानं हॉर्नला हात लावला नाही, उलट पुढे होऊन ट्रेलरचं दार धरलं.

फेब्रुवारीच्या शेवटी लढाई संपली. उन्हाळ्यात दोघांच्या इकाम्याची, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याची, मुदत भरली, तेव्हा अबू माजिदनं ती वाढवली नाही. कारण सांगितलं नाही. पासपोर्ट स्वतः आणून हातात दिले, विमानतळापर्यंत माजिदला पाठवलं, वागायला चांगलाच वागला. पण परत बोलावलं नाही. खरं ऐकून घेणं एक आणि ते ऐकवणारी माणसं रोज डोळ्यांसमोर ठेवणं वेगळं.

मुरुडला येऊन सिराजुद्दीननं अलिबागच्या रस्त्यावर टेम्पो चालवायला घेतला. आता तो बोलायचा. लोड जास्त झालं की व्यापाऱ्याच्या तोंडावर म्हणायचा, “उतरवा, नाहीतर दुसरा टेम्पो बघा.” माणसं म्हणायची, सौदीहून आल्यापासून सिराज तापट झालाय. ते ऐकून इस्मत खूश व्हायची, पण तिचा स्वतःचा राग काही गेला नाही. कधी भांडण झालं, की ती आवाज खाली आणून म्हणायची, “हेच त्या दिवशी बाजारात बोलला असतात, तर रीम जगली असती.”

यावर सिराजुद्दीन आता बाहेर सटकत नसे. “असती,” एवढंच म्हणायचा, आणि तिच्यासमोर बसून राहायचा.