सारजाबाईचा राहण्याचा करार

इंदापूरच्या कचेरीबाहेर लिंबाखाली माझं टेबल आहे. खरेदीखत, हक्कसोड, प्रतिज्ञापत्र, म्हणाल ते स्टॅम्पपेपरवर लिहून देतो. माझ्या दस्तात खाडाखोड सापडायची नाही, हा माझा माज. त्या माजापायी एका बाईचं घर जाता जाता राहिलं.

१९९४ च्या उन्हाळ्यात पणदऱ्याहून जोतीराम आणि सारजाबाई आले. बारामती हाकेच्या अंतरावर असताना इतक्या लांब का आले, ते मी विचारलं नाही. ओळखीच्या कचेरीत असले कागद कोण करतं? जोतीराम पन्नाशीचा, बायको वारलेली, मूलबाळ नाही. छातीच्या ऑपरेशनला पुण्याला जायचं होतं, चार पावलांवर दम लागत होता. सारजाबाई चाळिशीची. बोलणारी तीच.

"आमचं लगीन न्हाय," ती बाकावर टेकायच्या आधीच म्हणाली. "नऊ वर्सं एकत्र ऱ्हातोय. तसं लिवा."

असलं सांगताना माणसं घसा खाकरतात, इकडंतिकडं बघतात. ही बाई सातबारा मागावा तसं सांगत होती. मला राग आला आणि मनातून कौतुकही वाटलं.

तिचं सासर डाळजचं. नवरा भिमा, त्यानं दुसरी बाई घरात आणली तेव्हा ही निघाली. त्यांच्यात नवऱ्यानं पंचांपुढं काडी मोडली की बाई मोकळी, मग ती दुसऱ्याशी पाट लावू शकते. भिमानं काडी मोडलीच नाही. नांदवायची नाही आणि सोडायचीही नाही, हा त्याचा हट्ट. त्यामुळं सारजाबाई जोतीरामच्या घरात आली, पण पाट लागला नाही.

आता भीती होती ती जोतीरामच्या भावाची, तात्याबाची. तो तिला तोंडावर म्हणाला होता, "त्येचं काय बरंवाईट झालं, की तुझं बोचकं रस्त्यावर."

जोतीरामनं स्वतः बांधलेल्या दोन खोल्या होत्या. त्यात तिला मरेपर्यंत राहता यावं, एवढंच लिहून हवं होतं. मी लिहायला घेतलं. उभयता राजीखुशीने, विवाह न करता एकत्र राहत आहोत. लिहून देणार यांच्या पश्चात लिहून घेणार यांनी सदर घरात तहहयात राहावे, भावकीने हरकत घेऊ नये. झकास जमलं होतं. मग वाचून दाखवताना पहिल्याच ओळीत अडखळलो. बाईचं नाव आलं की 'कोम' लिहून पुढं नवऱ्याचं नाव घालायचं, ही वीस वर्षांची हाताची सवय. मी लिहून बसलो होतो, 'सारजाबाई कोम जोतीराम'. म्हणजे जोतीरामची बायको.

"त्ये खोडा," सारजाबाई लगेच म्हणाली. "खोटं हाय."

खोडायचं म्हणजे स्वच्छ कागदावर काट मारायची, बाजूला सह्या घ्यायच्या. माझ्या जिवावर आलं. तेवढ्यात जोतीराम पहिल्यांदा बोलला, "ऱ्हाऊ द्या की. बरं वाटतंय."

ती त्याच्याकडं बघत राहिली. नऊ वर्षांत तिला कुणी त्याची बायको म्हटलं नव्हतं. तिनं अंगठा पुढं केला आणि मीही तो लावून घेतला. मला कळायला हवं होतं.

ऑपरेशन झालं, पण जोतीराम घरी आला नाही. तेराव्याला तात्याबानं तिचं बोचकं बाहेर टाकलं. तिनं ते उचलून आत नेलं आणि कागद दाखवला. तात्याबानं बारामतीच्या कोर्टात दावा लावला. त्याच्या वकिलानं कागद वाचला आणि त्याला आयतंच घबाड मिळालं. बाईचा नवरा डाळजला जिवंत आहे, ती जोतीरामची बायको कशी? खोट्यानं सुरू झालेला कागद सगळाच खोटा.

दोन वर्षं तारखा पडल्या. मग माझी साक्ष निघाली. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी तर माझ्याच अक्षराविरुद्ध चढत होतो.

"हा शब्द कुणी घालायला सांगितला?" तात्याबाच्या वकिलानं विचारलं.

"कुणीच नाही. माझी चूक. बाई खोडा म्हणत होती, मी खोडलं नाही."

"वीस वर्षं लिहिता, आणि एवढं कळत नाही?"

"कळतं. त्या दिवशी अक्कल गहाण होती." लोक हसले.

मग सारजाबाई उभी राहिली. तिच्या वकिलानं व्हरांड्यात तिला पुन्हा पुन्हा बजावलं होतं, जोतीरामला नवरा म्हणालात तर घर गेलं. समोरच्या बाकावर तात्याबा बसला होता आणि त्यानं डाळजहून आणलेला भिमाही.

"मयत जोतीराम तुमचा नवरा होता का?"

तिनं पदर खांद्यावरून पुढं ओढून घेतला. कोर्टातला पंखा तेवढा कुरकुरत होता. जजसाहेबांनी मान वर केली. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बोल बाई, बोल.

"जोतीराम माजा नवरा नव्हता," ती म्हणाली.

तिच्या तोंडून त्याचं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. माझ्या टेबलापाशी ती 'ह्यांचं', 'ह्यांनी' असंच बोलत होती. नवऱ्याचं नाव बाई घेत नाही.

वकील सोडणारा नव्हता. "तुमचा नवरा हा इथं धडधाकट बसलाय. मग कपाळ पांढरं कुणासाठी केलंत?"

भिमा खाली बघू लागला. आता ही चुकणार, असं मला वाटलं.

"जोतीरामासाठी," ती म्हणाली. "मानूस गेला, म्हनून पुसलं. लगीन झालं न्हाय, ह्ये बी खरं आन त्ये बी खरं. तुमाला काय लिवायचं त्ये लिवा."

साहेबांनी निकाल दिला. करार राहण्याचा आहे, लग्नाचा नाही. लिहिणाऱ्याच्या एका चुकीनं तो रद्द होत नाही. दोन्ही खोल्या सारजाबाईकडं राहिल्या. मी पेढे घ्यायला निघालो, तर ती म्हणाली, "नगं आण्णा, पेढं नगं."

त्या भाद्रपदात तिचा निरोप आला. ह्यांचं पितर हाय, जेवायला या. मी एसटीनं पणदऱ्याला गेलो. सारवलेली खोली, कढी, वडे, खीर, भोपळ्याची भाजी. भावकीतल्या चौघांना तिनं घरोघर जाऊन सांगितलं होतं, पाचवा मी. पत्रावळी मांडून ठेवल्या होत्या. दुपार कलली तरी कुणी फिरकेना.

शेवटी तात्याबा आला. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "जजाफुडं सांगितलंस न्हवं, नवरा न्हाय म्हनून? मंग पितर कुनाचं घालतीस? आमच्या भावाचं आमी घातलंय. समदी तिकडंच जेवत्यात."

वकिलाला गप्प करणारी बाई उंबऱ्यापासून मागं सरली. तो गेला. मला त्याचा संताप आला, आणि त्याहून जास्त माझा. तिच्या तोंडून ते वदवायची वेळ माझ्या लेखणीनं आणली होती.

तिनं चार पत्रावळी उचलल्या आणि पाचवीवर वाढायला लागली. मी पानावर बसलो.

"पोटभर जेवा, आण्णा," ती म्हणाली. "ह्यांच्या नावानं हितं दुसरं कुनी जेवनार न्हाय."