राबाची काळी माती

सोलापूरहून निघताना माझ्या सामानात कपडे कमी आणि रिकाम्या पिशव्या जास्त होत्या. "लोक तिकडून आंबे आणतात, तुम्ही माती आणा," बायको म्हणाली. तिचं खरंच होतं. न भाजता, नुसत्या दाबून केलेल्या मातीच्या विटांवर माझं संशोधन चालू आहे आणि त्यासाठी गावोगावची माती तपासत मी हिंडतो. या खेपेला बोलावणं बदलापूरजवळच्या एका गावातून होतं. माझ्या एका विद्यार्थ्याची मावशी, वनिताकाकू, यांना स्वतःच्या शेतातल्या मातीच्या दोन खोल्या बांधायच्या होत्या.

आधी उल्हासनगरला उतरलो, कारण माझी चाळणी प्रवासात फाटली होती. बाजारात एका सिंधी शेटजींनी जाळीचे चार नमुने पुढ्यात टाकले.

"किस के लिए पाहिजे, साईं? रवा?"

"माती चाळायला."

"मिट्टी?" त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "पढे-लिखे दिसता, आणि मिट्टी चाळता?"

चाळणी मात्र त्यांनी बारकाईने निवडून दिली आणि समोरच्या गाडीवर दाल-पकवान (कुरकुरीत जाड पापडासारखी पुरी आणि चण्याची डाळ) खाल्ल्याशिवाय जाऊ नका, असं बजावलं. मी दोन प्लेट खाल्ल्या. शर्टावर चिंचेची चटणी सांडली, पण तक्रार नाही.

अंबरनाथ स्टेशनच्या पूर्वेला काकूंचा मुलगा नीलेश मोटरसायकल घेऊन उभा होता. एमआयडीसीतली पहिली पाळी संपवून तो थेट आला होता. वाटेत त्याने न विचारताच सगळं सांगून टाकलं. "साहेब, क्लिअर बोलतो. बिल्डर जमीन मागतोय. मी रेडी आहे, आई नाही. आमचं ठरलंय, तुम्ही माती खराब बोललात, तर आई सही करणार. चांगली बोललात, तर मी गप." मी मागच्या सीटवर पिशव्या सांभाळत बसलो होतो. इतकं ओझं माझ्या अहवालावर कधीच पडलं नव्हतं.

बदलापुरातली बेलवली मागे पडली, इमारती विरळ झाल्या आणि मे महिन्यातली कोरडी भातखाचरं सुरू झाली. काकू घरी नव्हत्या, लग्नाला गेल्या होत्या. नीलेशने शेत दाखवलं आणि तो फोनवर बोलत आंब्याच्या सावलीला थांबला. फिकट तपकिरी रानात एकच चौकोनी तुकडा काळपट होता, आणि तोही ओढ्याच्या बाजूला. आम्हा देशावरच्या माणसांना काळी माती दिसली की बरं वाटतं. पण भिंतीसाठी ती वैरीण. ती फुगते, आकसते, तडे पाडते. म्हणून वाईट तीच आधी तपासू, असं ठरवून मी नेमका तिथलाच नमुना घेतला. वरची हातभर माती बाजूला काढून खालची घ्यावी, हे मी वर्गात घसा कोरडा करून सांगतो. त्या दिवशी ऊन होतं. मी वरचीच घेतली.

मुक्काम बेलवलीत मित्राकडे होता. त्याच्या गॅलरीत माती पाण्यात कालवून क्षार तपासायची कागदाची पट्टी बुडवली, तर ती गर्द निळी झाली. क्षार फार! ओढ्याच्या वरच्या अंगाला कारखाने आहेत, हे मला ठाऊक होतं. त्यांचंच पाणी आलं असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि पिशवीवर 'दूषित' असं लिहिलं. वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर, काहीतरी मोठं सापडल्याचा आनंदही झाला होता. त्याची आज लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या घराच्या ओटीवर चहा पुढे ठेवून काकू समोर बसल्या. साठीच्या, काटक, नजर थेट. मी घसा साफ करून निकाल सांगितला. नीलेश हलक्या आवाजात म्हणाला, "बस आई, विषय संपला ना मग."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. "मास्तर, माती कुठशी घेतलीत?"

"त्या काळ्या तुकड्यातून. ओढ्याकडच्या."

काकू पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. "अवो, तो राब हाय माझा! शेण, पातेरा, गवत पसरला, वरतून माती टाकली नि भाजला. भाताची रोपं करायची हायत तिथं. राख न्हाय तर काय निघल त्यातून?"

राख म्हणजे क्षार. हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला शिकवतो. पण आमच्याकडे राब भाजत नाहीत, आणि मी विचारलंही नव्हतं. नीलेशकडे वळलो, तर तो जमिनीकडे बघत होता. "मला वाटलं, साहेबांना माहीत असेल," तो पुटपुटला. ते कितपत खरं होतं, हे मी विचारलं नाही.

काकूंनी कुदळ आणली, पण बांधाजवळ हातभर खड्डा मीच खणला. खालून तांबूस माती निघाली. काकूंनी ती भिजवून तळहातांत वळली, वात केली आणि बोटाभोवती गुंडाळली. वात तुटली नाही. "चुलीला हीच लागते," त्या म्हणाल्या. आमच्या पुस्तकात हीच परीक्षा दोन पानं भरून दिलेली आहे. माझ्या पट्टीचा रंगही फारसा बदलला नाही. थोडी वाळू मिसळली, की विटा होतील, असं मी सांगितलं. या वेळी मात्र सोलापूरला नीट तपासून लेखी कळवतो म्हणालो.

तसं कळवलंही. नीलेशचा फोन आला. "पावसात विटा नाही होणार ना? मग दिवाळीनंतर या. बिल्डरला 'नाही' बोललो." आवाजात नाराजी होती, पण दिलेला शब्द त्याने पाळला.

अहवालाच्या माझ्या छापील कागदावर अक्षांश, रेखांश, खोली, रंग असे रकाने आहेत. शेत कसणाऱ्याला विचारलं का, हा रकाना मी आता हाताने आखतो.

जूनच्या अखेरीस नीलेशने एक फोटो पाठवला. तोच चौकोनी तुकडा, आणि त्यावर बोट शिरणार नाही इतकी दाट, पोपटी रोपं. खाली लिहिलं होतं, "आई बोलते, मास्तरांना दाखव, दूषित मातीत काय आलंय ते."