आईचं गाऱ्हाणं

माझ्या धाकट्या भावाला त्याच्याच मित्राने बंदरावर सुरीने भोसकलं. कारण काय, तर जाळं फाटलं. कुणाला सांगताना मला आजही लाज वाटते. जीवच घ्यायचा होता, तर भांडण तरी जरा मोठं काढायचं.

मित्र तुरुंगात गेला. त्याचे वडील आमच्या वाडीच्या भजनाचे बुवा. सुतकात रोज संध्याकाळी मयताच्या घरी भजन करायची आमची रीत, आणि बुवांशिवाय वाडीत सुरात गाणारा दुसरा कोणी नाही. मंडळी येऊन दारातच चुळबुळत उभी राहिली. बुवा सगळ्यांच्या मागे, मान खाली घालून. आई आतून म्हणाली, "येवदे त्यांना. बसूदे."

ते रोज आले. भावाच्या फोटोसमोर बसून गायले, गाता गाता रडले. भजनानंतर मंडळींना कोरा चहा असायचा. आई सगळ्यांचे कप भरायची आणि बुवांच्या पुढ्यात रिकामा कप ठेवायची. रोज. मला ते बघून बरं वाटायचं, आणि ते मी लपवतही नसे.

वाडीला मात्र भारी घाई झाली होती. "दोन्ही आपलीच पोरा," असं जो तो सांगून जायचा. ज्यांची पोरं संध्याकाळी घरी जेवायला येत होती, त्यांचं काय जात होतं सांगायला? शेवटी तेरावं उरकल्यावर गावकरांनी, म्हणजे वाडीच्या वतीने देवापुढे बोलायचा मान ज्या एका म्हाताऱ्याचा आहे त्याने, देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. गावकर एकेक मागणं देवाला घालतात, आणि ज्याला 'व्हय' म्हटलं ते परत घेता येत नाही. बुवांना तेच हवं होतं. आईने देवासमोर 'व्हय' म्हटलं की वैर मिटलं. पोरगा कधी सुटलाच, तर त्याला वाडीत थारा मिळणार होता.

गावकरांनी हातात नारळ धरला. "म्हाराजा, झाली चुकी पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा!"

"दोन घरांतला वैर मिटव!"

"व्हय म्हाराजा!"

दर वेळी पहिला आवाज बुवांचा आणि त्यामागून वाडीचा. इतक्या वर्षांची सवय. आईने मात्र अजून एकदाही 'व्हय' म्हटलं नव्हतं. गावकर दम घ्यायला थांबले, तेवढ्यात ती हात जोडून पुढे झाली आणि त्यांच्याच चालीवर बोलू लागली.

"म्हाराजा, ह्यांचा पोर सुटून घरी येवदे!"

"व्हय म्हाराजा!" बुवांनी जोडलेले हात कपाळाला टेकवले.

"आनि ह्या बापान आपल्या हातान त्याच्या चितेला आग देवदे!"

"व्हय म्हाराजा!"

तोंडाला वळण पडलेलं असतं. सगळे म्हणाले, अगदी गावकरसुद्धा. काय म्हणतोय हे कळून म्हणणारा बहुतेक मी एकटाच असेन. बुवांचा आवाज नेहमीसारखा पुढे होता, खणखणीत. मग त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

कोणी कोणाकडे बघेना. गावकरांनी घाईघाईने नारळ फोडला. बुवांनी त्यांचे पाय धरले. "दुसरा गाऱ्हाणा घाला हो. ह्या मागं घ्या."

गावकरांनी त्यांना उठवलं. मग त्यांनी बुवांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

"मी काय सांगू देवाला? सगळ्यांच्या आधी तूच व्हय म्हटलंस."

आई तोवर पायरीशी चपला शोधत होती.